कुत्रा आणि माणूस : मुलुखागणिक वेगळी रीत

कुत्रा हा प्राणी सगळीकडे एकच. पण त्याला माणसाकडून मिळणारी वागणूक मुलुखागणिक बदलते. नेपाळात तिहार सणाच्या दुसऱ्या दिवशी कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालतात, कपाळी टिळा लावतात. नागालँडमध्ये त्याचे मांस खाण्याची जुनी रीत आहे. तेथील सरकारने २०२० मध्ये या मांसाच्या विक्रीवर बंदी घातली, ती गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केली. आपल्या मुंबईत १८३२ साली मोकाट कुत्री मारण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी रस्त्यावर उतरले व शहराचे व्यवहार बंद पडले. यावरून अमके लोक दयाळू आणि तमके क्रूर असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्या मुलुखात कुत्र्याला काम काय आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

दूर कशाला, आपल्या जुन्नर-आंबेगाव भागातच पाहा. मेंढरे घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या धनगरांच्या वाड्याबरोबर कुत्रा असतोच. रात्री मेंढरे जाळीच्या वाघरीत कोंडली की राखण त्याची. त्याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा असतो, कारण बिबट्या मानगूट धरतो. या कुत्र्याला उष्टे नव्हे, हक्काची भाकरी मिळते. तिकडे लातूर-उदगीरकडे कारवानी कुत्र्याची शिकारीसाठी निगुतीने पैदास करीत आले आहेत, आणि कर्नाटकातील मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी तर त्याच घाटणीच्या कुत्र्यांना राजाश्रय दिला.

नारायणगावच्या बागायती पट्ट्यातली गोष्ट वेगळी. कुकडी प्रकल्पाचे पाणी आले, ऊस वाढला आणि उसात बिबट्याने बिऱ्हाड केले. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभारावे लागले ते त्यामुळेच. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास झाला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार त्याच्या पोटात गेलेल्या भक्ष्यात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. म्हणजे मळ्यात साखळीने बांधलेला कुत्रा हा राखणदारही आहे आणि भक्ष्यही. बँकेत पशुधनाच्या कर्जाचे कागद रोज हाताखालून जातात. त्यांत गाय, म्हैस, शेळी, कोंबडी येते, कुत्रा कोणत्याच रकान्यात बसत नाही. तो मेला तर दुसरे पिल्लू आणायचे, इतकाच हिशेब. २०२५ च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे बिबट्याच्या हल्ल्यांनी भयभीत झालेल्या माणसांनी शेतात जाताना तसलेच खिळ्यांचे पट्टे स्वतःच्या गळ्यात घातले.

बाजारपेठेतल्या कुत्र्याला मात्र कसलेच काम नाही. मटणाच्या दुकानामागचे टाकाऊ आणि उकिरडा यांवर तो जगतो आणि दगड खातो. त्याच पेठेत दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना वेद मानून हात जोडले जातात. जेजुरीला खंडोबाच्या नावाने वाघ्या झालेला माणूस कुत्र्यासारखा भुंकत कोटंब्यातले अन्न खात असे. या प्रकाराविषयी तथागतांचे मत स्पष्ट आहे. मज्झिम निकायातील कुक्कुरवतिक सुत्तात सेनिय नावाचा तपस्वी येतो. तो कुत्र्याचे व्रत पाळी, जमिनीवर टाकलेले खाई. या व्रताचे फळ काय, असे विचारल्यावर तथागतांनी दोनदा उत्तर टाळले. तिसऱ्यांदा सांगितले, की व्रत पूर्ण पाळणारा कुत्र्यांतच जन्म घेईल. सेनिय रडू लागला. पुढे तो भिक्खू झाला आणि अर्हत पदाला पोचला.

आपल्या समाजाने हा विषय दुरून पाहण्यासारखा नाही. गावाच्या वेशीवर राखण करणारे दोघे असत, एक येसकर महार आणि दुसरा कुत्रा. दोघांचाही मोबदला म्हणजे घरोघरची शिळी भाकरी. फरक एवढाच, की चवदार तळ्यावर कुत्र्याला कोणी अडवीत नव्हते. अडविले जात होते ते आपल्या बापजाद्यांना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले, आणि त्याच परिषदेत मृत मांस सोडण्यास बजावले. १९३१ मध्ये मणिभवनात गांधीजींना भेटले तेव्हाही त्यांनी कुत्र्या-मांजरांपेक्षा हीन वागणुकीचाच दाखला दिला होता. हलकी वतने १९५८ च्या कायद्याने गेली. येसकर शिकून बाहेर पडला, कुत्रा वेशीवरच राहिला. आज आपल्यातील काहीजण कुत्र्याचे नाव काढताच नाक मुरडतात ते या जुन्या जखमेमुळे. ते समजण्यासारखे आहे. पण जखम कुत्र्याने केलेली नाही, हेही खरे.

जातककथांतही कुत्र्याला न्याय मागावा लागला आहे. वाराणसीच्या राजाच्या रथाचे चामडे रात्री कुत्र्यांनी खाल्ले. राजाने शहरातील सगळी कुत्री मारण्याचा हुकूम दिला, वाड्यातली तेवढी वगळली. स्मशानात राहणारा एक कुत्रा, म्हणजे बोधिसत्त्व, दरबारात गेला. त्याने वाड्यातल्या कुत्र्यांना ताकातून गवत पाजायला लावले, आणि ओकारीतून चामडे बाहेर पडले. चोर घरचे होते आणि मरत होते बाहेरचे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री उचलून कोंडवाड्यात ठेवण्याचा आदेश दिला आणि २२ ऑगस्टला तो बदलून नसबंदी व लस टोचून, पिसाळलेली वा आक्रमक वगळता बाकीची परत सोडावीत असे सांगितले, तेव्हा ही कथा आठवली.

तरीही भूतदयेच्या गोष्टी करताना चावा कोणाला बसतो ते विसरू नये. २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटीहून अधिक भटकी कुत्री मोजली गेली. गावचा उकिरडा बहुधा गरिबांच्या वस्तीकडेच असतो, त्यामुळे कचरा वेचणारी बाई आणि पायी शाळेत जाणारे पोर यांनाच ती आधी गाठतात. चावल्यावर जखमेत तिखट किंवा चुना भरणे, उतारा टाकणे हे प्रकार अजून पूर्ण थांबलेले नाहीत. रेबीजची लक्षणे एकदा दिसली, की त्यावर इलाज नाही. म्हणून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. पोटातल्या चौदा सुयांची धास्ती अनेकांच्या मनात आहे. ती जुनी लस देशात २००४ अखेर बंद झाली. आता सुई दंडात देतात. सरकारी दवाखान्यात सहसा पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल तर जखमेभोवती वेगळे औषधही टोचावे लागते, ते डॉक्टरांना आवर्जून विचारावे. रोजंदारीवरचा माणूस दुसऱ्या सुईनंतर मजुरी बुडते म्हणून जात नाही. त्याच्या सुयांच्या तारखा वस्तीतल्या एखाद्या शिकलेल्या मुलाने वहीत लिहून ठेवाव्यात आणि सातव्या दिवशी सकाळी त्याच्या दारात उभे राहावे.