बेकरीचे खमीर ओळखणार कोंबडीचा रोग

जामखेडच्या बाजारात पाव भाजणारा बेकरीवाला आणि चिकन विकणारा दुकानदार यांच्या धंद्याचा एकमेकांशी काय संबंध, असे कोणीही विचारेल. पण पाव फुगवणारे खमीर, म्हणजेच यीस्ट, आता कोंबडीचा रोग ओळखायच्या कामी येत आहे.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू सापडला. रोग एका तालुक्यात होता, पण राज्यभर गिऱ्हाईक चिकनपासून दूर पळाले. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे तोच रोग आला, तेव्हाही अफवांना ऊत आला. अशा वेळी व्यापाऱ्याला वाचवते ती लवकर आणि खात्रीची तपासणी.

रोग झाला की कोंबडीच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. ती शोधण्यासाठी विषाणूचा अंश लागतो. त्यासाठी जिवंत विषाणू अंड्यात वाढवणे ही जुनी रीत. काम जोखमीचे आणि खर्चाचे. नव्या पद्धतीत विषाणूच्या फक्त एका प्रथिनाचे जनुक यीस्टमध्ये घालतात. यीस्ट टाकीत वाढते आणि ते प्रथिन तयार करते. रोग पसरण्याची भीती नाही. गंबोरो रोगाच्या विषाणूचे प्रथिन ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १९९० सालीच यीस्टमध्ये बनवले होते. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये बाजारात आणलेली काविळीची (हेपेटायटिस-बी) लसही यीस्टमधूनच तयार झाली.

हे प्रथिन ९६ खळग्यांच्या प्लेटवर चिकटवून त्यात कोंबडीच्या रक्तातील पाणी घालतात. प्रतिपिंडे असतील तर शेवटी रंग येतो. काही तासांत अनेक पक्ष्यांचा निकाल मिळतो.

मात्र लस दिलेल्या कोंबडीतही प्रतिपिंडे असतात. म्हणून लासोटा, गंबोरो या लसी कधी दिल्या याची नोंद पोल्ट्रीवाल्याने वहीत ठेवावी आणि माल उचलताना व्यापारी बांधवांनी ती वही मागावी. नोंद नसेल तर निकालाचा अर्थ लागत नाही.

पक्षी अचानक मरू लागले तर घाईने स्वस्तात विकून मोकळे होऊ नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. तेथून नमुने पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे जाऊ शकतात. मेलेली कोंबडी शरीअतने हराम आहे आणि आजारी माल लपवून विकणे हा धोका आहे. हलाल कमाईची बरकत आणि गिऱ्हाइकाचा भरवसा, दोन्ही सांभाळायचे तर तपासणीला पर्याय नाही.