सद्गुणांची जाहिरात व्यवसायाला महागात का पडते?

म्हैसूर : शहरातील देवराज मोहल्ल्याच्या देवराज मार्केटमध्ये फुले, फळे आणि कुंकवाची दुकाने दाटीवाटीने आहेत. समजा, तेथील एका फळविक्रेत्याने ‘येथे प्रामाणिक व्यवहार होतो’ अशी मोठी पाटी लावली. तिचे दोन परिणाम संभवतात. शेजारचे दुकानदार आणि त्यांचे ग्राहक या पाटीला स्वतःवरील आरोप समजतील. शिवाय त्या विक्रेत्याकडे एखादे फळ नासके निघाले, तर त्याला चुकीची सवलत मिळणार नाही. ते ढोंग ठरेल. चांगुलपणाचे प्रदर्शन मोठ्या कंपन्यांनाही याच दोन कारणांनी भोवते.

पहिल्या कारणाचे उदाहरण ‘झोमॅटो’चे आहे. शाकाहारी ग्राहकांसाठी स्वतंत्र वितरण ताफा आणि त्याला हिरवा गणवेश, अशी घोषणा कंपनीने 19 मार्च 2024 रोजी केली. त्यावर टीकेची झोड उठली. लाल गणवेशातील कर्मचारी मांसाहारी पदार्थ आणतो, असा समज होऊन काही गृहसंकुले त्याला अडवतील, तसेच भाडेकरूंना घरमालकांचा त्रास होईल, हे धोके पुढे आले. दुसऱ्याच दिवशी कंपनीने हिरवा गणवेश रद्द केला. स्वतंत्र ताफा मात्र कायम ठेवला. सेवा टिकली, तिची उघड खूण गेली.

दुसरे उदाहरण चाकणला कारखाना असलेल्या ‘फोक्सवॅगन’चे. या जर्मन कंपनीने अमेरिकेत ‘स्वच्छ डिझेल’ असा गाजावाजा करून मोटारी विकल्या. केवळ चाचणीच्या वेळी प्रदूषण कमी दाखवणारे सॉफ्टवेअर त्यांत असल्याचे सप्टेंबर 2015 मध्ये उघड झाले. जगभरातील सुमारे 1 कोटी 10 लाख वाहने संशयाच्या भोवऱ्यात सापडली. भारतातही सुमारे 3 लाख 23 हजार वाहने परत बोलावण्याची घोषणा करावी लागली. प्रदूषणाबाबतच्या कारवाईखेरीज, 2016 मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने त्या जाहिरातींबद्दलही कंपनीला न्यायालयात खेचले.

यामागील तत्त्व अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांच्या 1973 मधील संकेत सिद्धांतातून समजते. जो संकेत देणे खोट्याला परवडत नाही, तोच विश्वासार्ह ठरतो. घोषवाक्य कोणालाही परवडते, म्हणून जाणकार ग्राहक त्यावर विसंबत नाही.

भारतात आता कायदाही पुरावा मागतो. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ‘पर्यावरणस्नेही’सारखे दावे पुरेशा आधाराविना करता येत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

व्यावसायिकाने सत्कार्य लपवावे, असा याचा अर्थ नाही. ‘आम्ही निसर्गप्रेमी’ म्हणण्याऐवजी ‘ही पिशवी जुन्या वर्तमानपत्रांची आहे’ असे सांगितले, तर ग्राहक ते हातात घेऊन तपासू शकतो. त्यात शेजाऱ्याला कमी लेखलेले नसते आणि पाळता न येणारे वचनही दिलेले नसते.