पेठेचे पंचांग आणि पिकांचे घड्याळ

आपल्या बेळगाव-निपाणी भागातील धान्यव्यापार पिढ्यान्‌पिढ्या नक्षत्रांच्या आधाराने चालत आला आहे. मृग निघाला की पेरणी, उत्तरा-हस्तात शाळूची पेर, दसरा-दिवाळीस नव्या मालाची आवक, हा क्रम इतका अंगवळणी पडला होता की भांडवल कधी मोकळे ठेवावे, बारदान कधी मागवावे, गोदाम कधी झाडून घ्यावे, हे सारे त्यावरूनच ठरत असे. अलीकडे हा क्रम ढळू लागला आहे. त्याची कारणे समजून घेणे आपल्या धंद्याच्या हिताचे आहे, या भावनेने चार गोष्टी सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

वनस्पतीस काळ कळतो तो मुख्यत्वे तीन खुणांवरून: दिवसाची लांबी, हवेतील उष्णता आणि जमिनीतील ओल. यांपैकी पहिली पृथ्वीच्या भ्रमणावर अवलंबून असल्याने तीत फरक पडत नाही. उरलेल्या दोन मात्र हवामानाबरोबर बदलतात. भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढले. आकडा लहान दिसतो. परंतु पीक रोजची उष्णता जणू आपल्या खात्यावर जमा करीत असते व ठरावीक बेरीज भरली की फुलते, पिकते. रोजची जमा थोडी वाढली तरी मुदत लवकर भरते, हे व्यापाऱ्यास निराळे सांगावयास नको.

याचा प्रत्यय उत्तर भारतातील गव्हाने दिला. २०२२ चा मार्च महिना १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. दाणा भरण्याच्या ऐन वेळी ऊन तापल्याने गहू घाईने पिकला व दाणा बारीक राहिला. उत्पादनाचा सरकारी अंदाज सुमारे ११.१ कोटी टनांवरून १०.६ कोटी टनांवर आणावा लागला आणि १३ मे २०२२ रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. लवकर पिकणे म्हणजे अधिक पिकणे नव्हे, हा त्यातील धडा होय.

आपल्या भागात मात्र उष्णतेपेक्षा पावसाने अधिक घोटाळा केला आहे. २०२३ साली मान्सून मुंबईस पोहोचला तो २५ जून रोजी. २०२५ साली तो २६ मे रोजीच, म्हणजे मृग निघण्यास जवळजवळ पंधरवडा अवकाश असताना येऊन धडकला. परतीची गोष्टही तशीच. वायव्य भारतातून पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी १ सप्टेंबर धरीत. हवामान खात्याने २०२० साली ती १७ सप्टेंबर केली. आपल्याकडील पाऊस त्याही नंतर निघतो.

आता सोयाबीन पाहा. हे पीक फुलोऱ्यास येते ते बव्हंशी दिवस लहान होऊ लागल्याच्या खुणेवर. ती खूण जिथल्या तिथे आहे. पाऊस मात्र लांबला आहे. परिणामी शेंगा आपल्या वेळेस पक्व होतात आणि वरून पाऊस कोसळत राहतो. काढणी खोळंबते, शेंगेतच दाण्याला कोंब फुटतात, माल ओला येतो. हमीभावाच्या सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारला ती त्या हंगामापुरती १५ टक्के करावी लागली. ओला माल थप्पीत तापतो, बुरसतो, आणि वजावटीवरून शेतकरी व व्यापारी यांच्यात कटुता येते.

शाळूची तऱ्हा निराळी. पूर्वेकडील काळ्या रानांत पावसाने उसंत दिली नाही तर वाफसा येत नाही व हस्तातील पेर पुढे जाते. मग कणसात दाणा भरावयाच्या वेळी जमिनीतील ओल सरते, ऊन चढते, आणि बाजारात हलका माल येतो.

पंचांगच मागे पडले आहे, असे कोणी म्हणेल. तेही अगदी खोटे नाही. उत्तरायण प्रत्यक्षात २१-२२ डिसेंबरला लागते, तर मकरसंक्रांत आपण १४-१५ जानेवारीस पाळतो. परंतु हा फरक सुमारे ७२ वर्षांत एक दिवस या संथ गतीने पडतो. एका पिढीच्या डोळ्यांदेखत झालेला बदल त्याच्या माथी मारता येणार नाही.

मग आपण करावे काय? पहिले, ओलावा मुठीत दाणे घेऊन न ठरविता शेतकऱ्यासमक्ष यंत्राने मोजावा; कटुता तेवढ्याने पुष्कळ कमी होईल. दुसरे, ऑक्टोबरातील आवक धरून वायदे करताना पंधरा दिवसांची सवड ठेवावी, व माल वाळविण्यास जागा राखावी.

तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त, पण आमच्या मते सर्वांत मोलाची. जपानमधील क्योटो नगरीत चेरीच्या फुलोऱ्याच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात. त्या ठेवल्या शास्त्रज्ञांनी नव्हे. दरबारी मंडळींनी व भिक्षूंनी आपल्या रोजनिशीत सहज लिहिलेल्या त्या ओळी होत. २०२१ साली २६ मार्चला तेथे पूर्ण बहर आला, तो तोवरच्या बाराशे वर्षांतील सर्वांत लवकरचा, हे त्या ओळींमुळेच जगास कळले. आपल्या घरोघरी माळ्यावर जुने रोजमेळ व आवकवह्या पडून आहेत. नव्या शाळूचे पहिले पोते रविवार पेठेत कोणत्या तारखेस उतरले, नवे भात कधी आले, हे त्यांत लिहिलेले आहे. त्या वह्या रद्दीत घालू नयेत. घरातील शिकत्या मुलामुलींनी प्रत्येक वर्षाच्या पहिल्या आवकेची तारीख, धान्याचे नाव व गाव एवढेच उतरवून काढावे आणि येत्या दिवाळीस नव्या वहीत त्यासाठी एक पान कोरे सोडावे. संस्थेने हे उतारे एकत्र करून धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाकडे सुपूर्द केल्यास, पेरणीचा सल्ला देणाऱ्यांस व तो ऐकणाऱ्या शेतकऱ्यांस आपल्या पेठेची ही मोठी मदत होईल.