टर्बोच्या अलीकडे की पलीकडे? एक्झॉस्टचा तापमापक बसवताना

सातिवली-वालीवच्या गाळ्यांतून माल भरून कसारा घाट चढणारा ट्रक घ्या, नाहीतर वीज गेली की धडधडणारा गाळ्यातला जनरेटर. दोन्हीकडे टर्बो डिझेल इंजिनच असतं. कूलंटचा काटा जागेवर आहे म्हणून आपण निश्चिंत राहतो. पण भार वाढल्यावर सिलिंडरमध्ये काय चाललंय हे त्या काट्याला फार उशिरा कळतं. एक्झॉस्ट वायूचं तापमान मात्र काही सेकंदांत बोलतं.

पेट्रोल इंजिन इंधन कमी पडलं की तापतं, असं आपण ऐकलेलं असतं. डिझेलचं उलटं आहे. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं की एक्झॉस्ट तापतो. त्यामुळे चोंदलेला एअर फिल्टर, फुटलेला इंटरकूलरचा होज किंवा वाढवून ठेवलेला पंप या तिन्हींची चुगली हा काटा करतो. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. पिस्टनला ऑइल आणि ताजी हवा थंड ठेवतात, म्हणून तो वायूइतका तापत नाही. तरी टर्बोच्या आधी सातशेच्या आसपास काटा बराच वेळ राहिला, तर धोका समजायचा. नेमकी मर्यादा आपल्या इंजिनाच्या कंपनीकडूनच घ्यावी.

आता सेन्सर कुठे बसवायचा? टर्बोच्या अलीकडे, म्हणजे मॅनिफोल्डवर, जिथे सगळ्या सिलिंडरचा वायू एकत्र येतो तिथे. टर्बाइन वायूतली ऊर्जा काढून घेते, म्हणून पलीकडे भारावर शंभर-दीडशे अंश, कधी त्याहूनही कमी दिसतं, आणि हा फरक भाराप्रमाणे बदलतो. सहा सिलिंडरच्या इंजिनात मॅनिफोल्डला मध्ये भिंत असेल, तर एका बाजूला तीनच सिलिंडर येतात, हे ध्यानात ठेवा. भोक त्या भिंतीवर पाडायचं नाही. सेन्सरचं टोक वायूच्या प्रवाहाच्या मध्यावर यायला हवं.

भोक पाडताना मॅनिफोल्ड उतरवा. इंजिन चालू ठेवून भोक पाडणारेही आहेत; वायू कीस बाहेर फेकतो, असं ते म्हणतात. सगळाच बाहेर येईल याची हमी कोण देणार? टर्बाइन मिनिटाला लाखभर फेरेही घेऊ शकते. बिडाचा एक कण तिच्या पात्यांना पुरे. भोक पाडून आटे काढले, की आतून पुसून आणि हवा मारून मगच मॅनिफोल्ड चढवा. सेन्सरच्या आट्यांना उच्च तापमानाचं अँटी-सीझ लावा.

आता वायरिंग, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. सेन्सर बहुधा के टाइप थर्मोकपल असतो: क्रोमेल आणि अल्युमेल या दोन धातूंचा सांधा. सांध्याची आणि मोकळ्या टोकांची उष्णता वेगळी असली की वीज तयार होते, हे सीबेक यांनी १८२१ मध्ये दाखवलं. ही वीज अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे फारच थोडी. वायर अपुरी पडली म्हणून इंजिनाशेजारी साधी तांब्याची जोडली तर काय होतं? समजा तो जोड ९० अंशांवर आहे आणि केबिनमधला मीटर ३० वर. मीटर साधारण ६० अंश कमी दाखवेल. खरे ७०० असताना ६४० दिसतील आणि ड्रायव्हर घाटात अ‍ॅक्सिलरेटर दाबतच राहील.

गंमत अशी, की थंड इंजिनावर ही चूक दिसत नाही. सगळी टोकं एकाच तापमानाला असतात, काटा बरोबर असतो, आणि आपण काम झालं म्हणून हात धुतो. म्हणून के टाइपचीच एक्स्टेन्शन वायर मीटरपर्यंत न्या, प्लस-मायनस तपासा. दोन्ही उलटे लागले तर इंजिन तापताना काटा खाली जातो.

एक सावधगिरी. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत, एक्झॉस्ट शुद्ध करणाऱ्या यंत्रणेसाठी असे सेन्सर कंपनीच बसवते. तिथे भोक पाडू नका. तेच आकडे स्कॅनरवर वाचा.

आणि काटा चढला तर? पाय हलका करा, एक गिअर खाली घ्या. थांबल्यावर दोनशेच्या खाली येईपर्यंत इंजिन आयडलवर राहू द्या, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल करपतं. आता तुमचे प्रश्न घेऊया.