जुन्या लॅपटॉपच्या पडद्यातून साकारते डिजिटल फोटो फ्रेम

लग्न, बारसे, सहली यांची शेकडो छायाचित्रे आज मोबाइलमध्ये साठलेली असतात. परंतु घरातील ज्येष्ठांच्या दृष्टीस ती क्वचितच पडतात. भिंतीवर टांगलेली, छायाचित्रे आपोआप बदलणारी डिजिटल फोटो फ्रेम हा त्यावरील सोपा उपाय होय. बंद पडलेल्या लॅपटॉपचा पडदा शाबूत असेल, तर अशी फ्रेम घरीही तयार करता येते. मात्र सुट्या भागांची खरेदी उलट्या क्रमाने झाली, की पैसे वाया जातात. आधी पडदा आणि मग त्याला जुळणारे इतर भाग, हा क्रम पाळणे हिताचे.

पडदा आणि बोर्ड

लॅपटॉपचा सुटा पडदा एचडीएमआय केबलला थेट जोडता येत नाही. मध्ये ‘कंट्रोलर बोर्ड’ लागतो. पडद्यामागील लेबलवर मॉडेल क्रमांक असतो. त्याच क्रमांकासाठीचा बोर्ड मागावा. जुने पडदे ‘एलव्हीडीएस’, तर नंतरचे बहुतांश ‘ईडीपी’ पद्धतीचे असतात. एकाचा बोर्ड दुसऱ्याला चालत नाही. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील बुधवार पेठेत खरेदीस जाताना लेबलचे छायाचित्र सोबत असावे.

फार जुन्या पडद्यांत प्रकाशासाठी बारीक नळी असते. तिला वीज देणाऱ्या ‘इन्व्हर्टर’मध्ये शेकडो व्होल्टचा दाब निर्माण होतो. नवख्यांनी असा पडदा टाळून एलईडी प्रकाशाचाच घ्यावा. लॅपटॉप उघडताना त्याची बॅटरी प्रथम काढावी. ती फुगलेली असेल, तर स्वतः हात न लावता जाणकाराकडे द्यावी.

आकाराचाही विचार हवा. मोबाइलमधील छायाचित्रे सहसा 4:3 प्रमाणात असतात. 1366 बाय 768 बिंदूंच्या रुंद पडद्यावर असे आडवे छायाचित्र 1024 बिंदूंची रुंदी व्यापते आणि पडद्याचा पाव भाग काळा राहतो. जुना 4:3 पडदा येथे अधिक शोभतो. फ्रेम उभी टांगायची असल्यास ‘आयपीएस’ पडदा घ्यावा. स्वस्त ‘टीएन’ पडद्यावर बाजूने पाहताना रंग बदलतात.

छोटा संगणक, पुरेशी वीज

छायाचित्रे दाखवण्यास शक्तिशाली संगणकाची गरज नाही. 2021 मध्ये आलेला, 512 मेगाबाइट मेमरीचा ‘रास्पबेरी पाय झीरो टू डब्ल्यू’ पुरेसा ठरतो. त्यात वाय-फाय आहे. एचडीएमआय जोडणी मात्र ‘मिनी’ आकाराची असल्याने त्याप्रमाणे केबल घ्यावी. 4000 बाय 3000 बिंदूंची मूळ छायाचित्रे पडद्याच्या मापाला लहान करून भरल्यास त्याच्यावर ताण येत नाही.

या संगणकाला 5 व्होल्ट, 2.5 अँपिअरचा अॅडॉप्टर लागतो. हाताशी असलेला कमी क्षमतेचा चार्जर लावल्यास तो मध्येच बंद पडू शकतो. कंट्रोलर बोर्डाला बहुधा 12 व्होल्ट लागतात. त्यामुळे त्याचा अॅडॉप्टर स्वतंत्र ठेवावा. संपूर्ण फ्रेम 20 वॉट वीज घेते असे धरले, तर अहोरात्र चालवल्यास महिन्याला सुमारे 14 युनिट खर्च होतात. रात्री बारा तास बंद ठेवल्यास खर्च निम्म्यावर येतो. मात्र आधी संगणक रीतसर ‘शटडाउन’ करावा. अचानक वीज तोडल्यास मेमरी कार्डावरील माहिती बिघडू शकते.

लाकडी चौकटीला वर आणि खाली हवेसाठी छिद्रे ठेवावीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, फ्रेममधील कार्ड हीच छायाचित्रांची एकमेव प्रत असू नये. चौकट पुन्हा बनवता येईल. त्यातील आठवणी मात्र पुन्हा टिपता येणार नाहीत.