घरचीच, पण सव्वापाचपर्यंत

सकाळी साडेसहाला डबे. जानेवारीत श्टुटगार्टला सूर्य आठनंतर उगवतो, त्यामुळे हे काम रात्रीच उरकल्यासारखं वाटतं. काळसर पावाचे दोन काप, मध्ये लोणी आणि चीज, शेजारी सफरचंदाच्या फोडी, काकडी. गोड काही नाही, बालवाडीचा तसा नियमच आहे. माझ्या आईने हा डबा पाहिला तर ‘पोरांना उपाशी ठेवता का?’ असं विचारेल. पोरं मात्र डबा रिकामा करून आणतात.

मी या घरात ओ-पेअर आहे. यजमान कुटुंबात राहायचं, मुलं सांभाळायची, घरकामाला थोडा हात लावायचा आणि जर्मन शिकायचं. मुलांचे आईबाबा माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे, तरी मी त्यांना नावाने आणि ‘तू’ म्हणूनच हाक मारावी हा त्यांचा आग्रह. जीभ अजून अडखळते.

सव्वासातला थोरला निघतो. पहिलीत आहे, पाठीवर अवाढव्य दप्तर, जाकिटावर चकाकती पट्टी. कोपऱ्यावर मित्र भेटतात आणि सगळे अंधारातून चालत शाळेत जातात. त्याला सोडायला जावं असं मला रोज वाटतं, पण मोठ्यांनी पोचवणं इथे फारसं कौतुकाचं नाही. धाकटीचं प्रकरण लांबतं. गरम चड्डी, स्वेटर, त्यावर चिखलात लोळण्यासाठीची रबरी पँट, बूट, टोपी, हातमोजे, आणि हे सगळं ‘मी स्वतः!’ म्हणत. बालवाडीत पोचलं की तेच सगळं उतरवून सपाता घालायच्या. पाऊस असो की बर्फ, मुलांना रोज बाहेर खेळायला काढतातच. सव्वाआठला तिला ताईंच्या हाती दिलं की माझी सकाळ संपते.

आमचं घर देगरलोखला, टेकडीवर. खाली शहरात उतरायला दात्यांच्या रुळांवरची पिवळी गाडी आहे. सगळे तिला ‘त्साके’ म्हणतात. १८८४पासून ती हा चढ चढते आहे आणि पुढच्या उघड्या डब्यात लोकांच्या सायकली नेते. नऊ ते सव्वाबारा भाषेचा वर्ग. त्यासाठी कुटुंब महिन्याला ७० युरो देतं. हातखर्चाचे २८० युरो वेगळे, शिवाय राहणं, जेवण, विमा त्यांच्याकडे. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात शिकलेलं जर्मन वर्गात उपयोगी पडतं. मुलांची आजी आली की मात्र ती अस्सल श्वेबिश बोलते, नामांना ‘ले’ जोडत, आणि माझी परीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

एकला धाकटीला घेऊन घरी. आजी भांडं ठेवून गेलेली असली तर मसूर आणि श्पेट्झ्ले. श्पेट्झ्ले म्हणजे अंडं-मैद्याच्या आखूड, ओबडधोबड नूडल्स. मसुरात आंबटपणाला व्हिनेगर. बरोबरचे सॉसेज मुलांच्या ताटात जातात. चिंच-गुळाच्या आमटीवर वाढलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही. इथल्या जेवणाला बेचव म्हणणाऱ्यांनी बहुधा हे खाल्लेलं नसावं.

दीडला धाकटी झोपते, थोरला गृहपाठाला बसतो. पुण्यात तेव्हा सहा वाजलेले असतात (हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेतीन), म्हणून आईला फोन याच वेळी आणि हळू आवाजात. दुपारच्या शांततेत खालच्या मजल्यावरच्या बाईंना व्हॅक्यूम क्लीनरही खपत नाही.

तीननंतर मैदान, झोके, वाळू. येताना बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकायच्या. प्लॅस्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात, आणि त्या पावतीचा ताबा थोरल्याकडे असतो. कागद, ओला कचरा, वेष्टनं, उरलेलं, सगळ्याचे डबे वेगळे. काच रंगानुसार.

सव्वापाचला मुलांची आई कामावरून येते, कोट काढते आणि मला सांगते, ‘आता तुझं काम संपलं.’ भाजी चिरत असले तर सुरी हातातून घेते. सुरुवातीला हे मला तुटक वाटायचं. आता यातच माझा मान आहे असं वाटतं. ओ-पेअरला दिवसाला फार तर सहा तास आणि आठवड्याला तीस तास काम, यात संध्याकाळी मुलांजवळ थांबणंही धरलेलं, आठवड्यात दीड दिवस सुट्टी, हे ठरलेलं आहे. आपल्याकडे ‘अगदी घरातलीच आहे’ म्हटलं की त्या मुलीचे तास कुणी मोजत नाही. माझ्या वर्गातली एक ओ-पेअर अशाच गोड बोलण्यात रात्री दहापर्यंत इस्त्री करत होती. तिने शेवटी कुटुंब बदललं.

सहाला आबेंटब्रोट, म्हणजे पाव, चीज, लोणच्याची काकडी. चूल पेटत नाही. इथे मी कामाला नसते, पाहुणीही नसते, मीठ मागते आणि वाद घालते. ६.५०ला टीव्हीवर झांडमेन्शन, झोपेची वाळू टाकणारा दाढीवाला बाहुला. १९५९ साली पूर्व जर्मनीत जन्मला. तो देश गेला, बाहुला टिकला. साडेसातला मुलं अंथरुणात, मी माझ्या खोलीत.

सत्तावीस पूर्ण व्हायच्या आत आणि भाषेची ए-१ परीक्षा देऊन तुमच्यापैकी कुणी निघणार असेल, तर सही करण्याआधी रोजचं वेळापत्रक लेखी मागा. ‘घरात थोडी मदत’ एवढंच लिहून येत असेल, तर किती तास ते विचारा. उत्तर टाळणाऱ्या घरी जाऊ नका.