नॅनो औषध: डोस निम्मा म्हणून धोकाही निम्मा?

2021 मध्ये नॅनो युरिया बाजारात आला आणि ‘नॅनो’ हा शब्द बीड जिल्ह्यातल्या कृषी सेवा केंद्रांत रुळला. त्यासोबत गैरसमजांचं तणही माजलं. पहिला म्हणजे, नॅनो युरिया चालतो तर नॅनो कीटकनाशकही चालेल! पण युरिया हे खत. त्याला 1985 चा खत नियंत्रण आदेश लागू होतो. कीटकनाशकाला 1968 च्या कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते आणि त्याची परीक्षाही वेगळी असते.

‘डोस निम्मा, म्हणजे धोकाही निम्मा’ हा सर्वांत पक्का समज. 2018 च्या एका जागतिक आढाव्यात नॅनो औषधं नेहमीच्या औषधांपेक्षा साधारण 20 ते 30 टक्के अधिक प्रभावी आढळली. मात्र प्रत्यक्ष शेतातल्या चाचण्या फार थोड्या होत्या. शिवाय धोका नुसत्या वजनावर ठरत नाही. बारीक कवचात बसवलेलं औषध उन्हात लवकर विघटित होत नाही, म्हणून ते बोंडअळीवर जास्त दिवस काम करतं. पण त्याच कारणानं ते मातीतही जास्त दिवस राहू शकतं. जाहिरातीतला गुण तोच धोका! म्हणून नॅनो औषधाच्या तपासणीत पहिला प्रश्न हाच: त्याचा बारीक कण किती काळ कणच राहतो?

याचं उत्तर गावागणिक बदलतं. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. पाण्यात विरघळलेला सेंद्रिय अंश मात्र त्यांना सुटं ठेवतो. काळी चिकण माती बरेच कण धरून ठेवते, पण मोठ्या पावसात ती मातीच वाहून सिंदफणा नदीला मिळते. सिंदफणेवर माजलगावचं धरण आहे आणि बीड शहर त्याचं पाणी पितं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी कृत्रिम पाणथळींत तांब्याचं नॅनो औषध आणि खतांतली पोषकद्रव्यं एकत्र सोडली, तेव्हा नुसत्या पोषकद्रव्यांपेक्षा शेवाळ जास्त माजलं.

डब्यावरचा हिरवा त्रिकोण? तो माणसाला लगेच होणाऱ्या विषबाधेची पातळी सांगतो. मधमाशी, मासा, गांडूळ यांच्याबद्दल तो काहीच बोलत नाही.

सरसकट घाबरण्याचंही कारण नाही. पाण्यात लगेच फुटणाऱ्या नॅनो इमल्शनला मूळ औषधाचीच माहिती बरीचशी पुरते. तांब्या-चांदीचं तसं नाही. धातू कुजत नाही.

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं 2020 मध्ये नॅनो कृषी उत्पादनांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शेतकऱ्यानं आपल्या पातळीवर एवढं करावं: लेबलवर नोंदणी क्रमांक नसेल तर बाटली परत करावी, पक्की पावती मागावी आणि फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नये.